ठराव मंजूर, संस्था कायम: गुजरातच्या ब्रेदरन मंडळीचं प्रकरण

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रल इथे सहा ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापलं वेगळं अस्तित्व संपल्याचं जाहीर केलं आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजे आपण ज्याला सरसकट सीएनआय म्हणतो ती मंडळी, उभी राहिली. अँग्लिकन, आधीच एक झालेल्या प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रेदरन अशी ही सहा नावं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट संख्येने मोठे होते, पण त्यांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. ब्रेदरन त्या मानाने लहान. ते आले, त्यांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या, प्रार्थना झाली.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, ३० सप्टेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुजरातमधली ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन’ ही संस्था कायद्याच्या दृष्टीने कधी विलीन झालीच नव्हती. ती विसर्जित झाली नव्हती आणि तिची मालमत्ताही सीएनआयकडे गेली नव्हती.

हे प्रकरण चर्चपुरतं असतं तर ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकाने त्यात वेळ घालवायचं कारण नव्हतं. पण महाराष्ट्रात ज्यांनी कुठल्याही शिक्षण संस्थेच्या, वाचनालयाच्या, देवस्थानाच्या कार्यकारिणीवर चार वर्षं काढली आहेत, त्यांना यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल. ठराव, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, बदल अर्ज, धर्मादाय आयुक्त. शिवाय ज्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाभोवती हा खटला फिरला, तो १९५० चा कायदा जुन्या मुंबई राज्याचा. राज्य तुटल्यावर तो दोन्हीकडे चालू राहिला. आपल्याकडे फक्त नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं.

या मंडळीचा कारभार कसा चाले

ब्रेदरन ही जर्मनीत जन्मलेली परंपरा. १७०८ साली श्वार्झेनाऊ या गावी एडर नदीत आठ जणांनी प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला, तिथून तिची सुरुवात. छळाला कंटाळून ही माणसं अमेरिकेत गेली. आज त्यांचं मुख्य कार्यालय इलिनॉय राज्यातल्या एल्जिन या गावी आहे. बाप्तिस्मा जाणत्या वयात, तोही तीनदा पुढे झुकून पाण्याखाली जाऊन. प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुणं आणि एकत्र प्रीतिभोजन. शपथ न घेणं, युद्धात न उतरणं. बाकी लिखित मतप्रणालीचं त्यांना वावडं. नवा करार हीच आमची मतप्रणाली, असं ते म्हणत.

जी मंडळी मतप्रणाली लिहून ठेवत नाही, ती आपले वाद सभेत सोडवते. ब्रेदरनांचं तसंच झालं. गावातली मंडळी आपले सभासद ठरवते, आपला सेवक, म्हणजे पाळक, निवडते. अशा काही मंडळ्यांचे प्रतिनिधी वर्षातून एकदा जमतात, ती जिल्हा सभा. (हा जिल्हा कलेक्टरचा नव्हे, मंडळ्यांचा एक गट, एवढाच त्याचा अर्थ.) अमेरिकेत त्याच्याही वर वार्षिक अधिवेशन असतं. वरून नेमलेला बिशप नाही. अधिकार सभेचा, आणि सभा संपली की तिने नेमलेल्या समित्यांचा.

१८९४ साली विल्बर व मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन हे या मंडळीचे पहिले मिशनरी अमेरिकेहून निघाले आणि त्यांनी बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, ठाण मांडलं. पाचेक वर्षांत छप्पनियो दुष्काळ पडला. अनाथ मुलांचे आश्रम, मग शाळा, दवाखाने, अंकलेश्वर, व्यारा अशी केंद्रं, आदिवासी पट्ट्यातल्या लहान लहान मंडळ्या असा कामाचा पसारा वाढत गेला. काम दक्षिणेलाही सरकलं. डहाणू, पालघर, वाडा या भागात मराठी बोलणाऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. डहाणूचं मिशन हॉस्पिटल त्याच कामातलं. गुजराती मंडळ्यांचा पहिला जिल्हा आणि मराठी मंडळ्यांचा दुसरा, अशी विभागणी झाली. आपलं प्रकरण पहिल्या जिल्ह्याचं आहे.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या जिल्हा मंडळीला दोन देह होते. एक धार्मिक: मंडळ्या, त्यांचे बाप्तिस्मा झालेले सभासद, जिल्हा सभा. दुसरा कायदेशीर: १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली संस्था आणि तीच पुन्हा १९५० च्या कायद्याखाली नोंदलेला सार्वजनिक न्यास. जुन्या मुंबई राज्यात ही दुहेरी नोंदणी अगदी रोजची गोष्ट. आपल्या बहुतेक संस्थांच्या लेटरहेडवर दोन नोंदणी क्रमांक असतात ते यामुळेच. पहिला देह प्रार्थना करतो, दुसऱ्याच्या नावावर सातबारा असतो. एरवी दोघांत फरक करायची गरजही पडत नाही. तीच माणसं, तीच सभा, तेच इतिवृत्ताचं पुस्तक.

ऐक्याची वाटाघाट

उत्तर भारतातल्या मंडळ्या एक कराव्यात, ही चर्चा १९२९ साली लखनौला सुरू झाली. १९५१ मध्ये रीतसर वाटाघाट समिती नेमली गेली. ब्रेदरन आणि डिसायपल्स त्यात १९५७ च्या सुमारास सामील झाले. ऐक्याच्या योजनेची चौथी आवृत्ती १९६५ साली आली आणि तिच्यावर मंडळ्यांनी आपापले निर्णय घेतले.

म्हणजे एकेचाळीस वर्षं. या काळात खल कशाचा झाला? बाप्तिस्मा तान्ह्या मुलांचा की जाणत्यांचा? उत्तर निघालं की दोन्ही चालतील, दोन्ही पद्धती एकाच मंडळीत समान मानाने नांदतील. बिशप असावेत की नसावेत? असावेत, पण निवडलेले आणि सभेला उत्तरदायी. वेगवेगळ्या परंपरांत दीक्षा झालेल्या पाळकांना एकमेकांची दीक्षा मान्य कशी व्हावी? त्यासाठी नागपूरला परस्परांवर हात ठेवण्याचा एक खास विधी बसवला गेला, आणि त्याच्या शब्दरचनेवर विद्वानांनी वर्षानुवर्षं काथ्याकूट केला. हे प्रश्न क्षुल्लक नव्हते. त्यांच्यावरून युरोपात रक्त सांडलं आहे.

जिल्हा सभेने ऐक्याच्या बाजूने ठराव केला. बहुमत स्पष्ट होतं. नागपूरच्या आधी झालेल्या या ठरावाचा आशय असा होता की आम्ही सीएनआयमध्ये सामील होत आहोत आणि आमची मालमत्ता, हक्क, जबाबदाऱ्या नव्या मंडळीकडे जातील. सभेच्या दृष्टीने काम झालं. ज्या मंडळीत सभेपेक्षा वरचढ कोणी नाही, तिथे सभेने ठरवलं म्हणजे ठरलं.

नव्या घडीत कारभाराचा आकारच बदलला. सीएनआयमध्ये तीन पायऱ्या आहेत: पास्टोरेट (स्थानिक मंडळी), डायसिस (बिशपच्या देखरेखीखालचा विभाग), सिनड (सगळ्यांच्या वरची सभा). ब्रेदरनांच्या गुजराती मंडळ्या गुजरात डायसिसमध्ये गेल्या. तिथे आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या जुन्या, अधिक मोठ्या मंडळ्या होत्या. वलसाड-अंकलेश्वरकडचा प्रतिनिधी आता डायोसिसन कौन्सिलमध्ये अनेकांपैकी एक झाला, आणि त्याच्यावर सिनड आलं. ज्यांनी कालपर्यंत आपला सेवक आपणच निवडला, त्यांच्याकडे आता पाळक बदलीवर येऊ लागला.

या वादाबद्दल बोलताना बहुतेक जण ‘मालमत्तेचं भांडण’ म्हणून हात झटकतात. मला ते पटत नाही. मालमत्ता होतीच, मिशनच्या जमिनी, शाळा, बंगले यांची किंमत औद्योगिक पट्ट्यात काय झाली हे अंकलेश्वरचं नाव घेतलं तरी कळतं. पण ज्या माणसाच्या श्रद्धेचा गाभा ‘आमची मंडळी आम्हीच चालवतो’ हा आहे, त्याला दूरच्या कार्यालयाचं पत्र येणं हा नुसता प्रशासकीय बदल वाटत नाही. पाय धुण्याचा विधी करायला सीएनआयची बंदी नव्हती. पण जो विधी कालपर्यंत सगळ्यांना बांधून ठेवत होता, तो आता करायचा तर करा असा, ऐच्छिक झाला.

सत्तरीच्या दशकातच काही जण मागे फिरले. आम्ही ब्रेदरन आहोत, आमची संस्था अजून आहे, असं म्हणत त्यांनी जुन्या नावाने पुन्हा कारभार सुरू केला. मग एकाच प्रार्थनामंदिराची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला.

दरवाजा कुठला ठोठवायचा

सीएनआयच्या बाजूने दिवाणी दावा लागला: आम्हीच जुन्या संस्थेचे कायदेशीर वारस आहोत असं जाहीर करा आणि समोरच्यांना मनाई करा. तो वर चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २००५ साली निकाल लागला. त्यात वारस कोण, हे ठरलंच नाही. न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाचं म्हणणं उचलून धरलं की हा प्रश्न मुळात दिवाणी न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही.

याचं कारण १९५० च्या कायद्याच्या कलम ८० मध्ये आहे. जे प्रश्न धर्मादाय आयुक्ताने किंवा त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने ठरवायचे असं कायदा सांगतो, त्यात दिवाणी न्यायालयाने पडायचं नाही. एखादी मालमत्ता अमुक न्यासाची आहे का, न्यासाच्या नोंदीत बदल झाला का, हे ठरवायची जागा धर्मादाय कार्यालय. कलम २२ प्रमाणे नोंदीतला कुठलाही बदल घडल्यापासून ९० दिवसांत कळवायचा, मग चौकशी होते, मग तो मान्य किंवा अमान्य होतो. आपल्याकडे दर पंचवार्षिक निवडणुकीनंतर दोन्ही पॅनेलं आपापला बदल अर्ज घेऊन ज्या खिडकीवर उभी राहतात, तीच ही.

अधिकारक्षेत्राच्या एका मुद्द्यावर एका पिढीचा वेळ गेला, याची चीड येते. पण निकालामागचं तर्कशास्त्र साधं आहे. तुम्ही स्वतःहून न्यास म्हणून नोंद केलीत, त्याचे फायदे घेतलेत, तर तुमची ओळख त्या नोंदवहीत आहे. ती बदलायची तर तिथेच बदला.

धर्मादाय कार्यालयात बदल अर्जाचा दुसरा ओघ चालू होताच. जुना न्यास आता उरलेला नाही, त्याची मालमत्ता सीएनआयच्या न्यासाच्या नावे लावा, असं त्याचं सार. तोच पुढे २०१३ च्या निकालापर्यंत गेला.

संस्था कशी मरते

२०१३ च्या निकालाचा गाभा या एका प्रश्नात आहे. संस्था नोंदणी अधिनियमाने तिच्या मरणाची आणि विलीनीकरणाची रीत लिहून ठेवली आहे, आणि ती रीत १८६० पासून तीच आहे.

दुसऱ्या संस्थेत मिसळायचं तर कलम १२. नियामक मंडळाने प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात मांडायचा. तो प्रत्येक सभासदाला सभेच्या दहा दिवस आधी पोचवायचा किंवा टपालाने पाठवायचा. खास सभेत तीन-पंचमांश सभासदांनी, स्वतः हजर राहून किंवा मुखत्यारामार्फत, बाजूने मत द्यायचं. एवढ्यावर भागत नाही. एका महिन्याच्या अंतराने दुसरी खास सभा बोलवायची आणि तिथे हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी तो निर्णय पुन्हा कायम करायचा.

संस्था विसर्जित करायची तर कलम १३. त्यासाठीच बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत तीन-पंचमांश सभासदांची संमती, आणि मग देणी-घेणी, मालमत्ता यांचा नियमाप्रमाणे निवाडा. त्यानंतर जे शिल्लक राहील ते सभासदांनी वाटून घ्यायचं नाही. कलम १४ प्रमाणे ते दुसऱ्या संस्थेला द्यायचं, आणि कुठल्या, हेही तीन-पंचमांश सभासदांनी ठरवायचं.

न्यास म्हणून वेगळी बंधनं आहेत. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्ताची आधी परवानगी हवी. दोन न्यास एकत्र करायचे तर कलम ५०-अ मध्ये एकत्रित योजना आखण्याची तरतूद आहे. आणि विश्वस्तांबद्दलचा जुना दंडक असा की आपल्यावर टाकलेली जबाबदारी ते आपल्या मर्जीने दुसऱ्या मंडळाच्या गळ्यात घालू शकत नाहीत. न्यासपत्रात तशी मुभा हवी किंवा सगळ्या लाभधारकांची संमती हवी.

या कसोट्यांवर जिल्हा सभेचा ठराव टिकला नाही. न्यायालयाने काढलेला निष्कर्ष असा की नुसता ठराव म्हणजे विसर्जनही नव्हे आणि विलीनीकरणही नव्हे. तो फार तर इच्छा व्यक्त करतो. कायद्याने सांगितलेली पावलं टाकली गेली नाहीत, म्हणून संस्था जिवंत राहिली आणि मालमत्ता तिच्याकडेच राहिली. शिवाय या न्यासाचा हेतू ब्रेदरन श्रद्धा आणि आचार जपणं हा होता. वेगळ्या आचारांच्या मंडळीकडे ती मालमत्ता ठरावाने नेणं, हे त्या हेतूशीही जुळणारं नव्हतं.

माझ्या मते हा निकाल कायद्याला धरून आहे, आणि तरीही तो वाचून मन पूर्ण निवत नाही. ज्या कुटुंबांनी १९७० चा निर्णय प्रामाणिकपणे मानला, ज्यांच्या मुलांची लग्नं आणि आईबापांची दफनं सीएनआयच्या पाळकांनी लावली, त्यांना चार दशकांनी सांगायचं की तुमची मंडळी जिथे जमते ती वास्तू कधी तुमच्या मंडळीची झालीच नव्हती. त्यांनी काही लबाडी केलेली नव्हती. त्यांनी आपल्या परंपरेतल्या सर्वोच्च अधिकाराचा, म्हणजे सभेचा, शब्द मानला होता.

सभासद कोण, हा अवघड प्रश्न

कलम १२ चं गणित करायला बसलं की पहिली अडचण समोर येते: तीन-पंचमांश कोणाचे?

जिल्हा सभा ही प्रतिनिधींची सभा. गावोगावच्या मंडळ्यांनी पाठवलेली माणसं तिथे मत देतात. कायद्याला मात्र ‘सभासद’ हवेत. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण संस्थेचा सभासद मानायचा का? मग नोंदवही हवी, पत्ते हवेत, दहा दिवस आधी टपाल हवं. आदिवासी पाड्यातल्या, हंगामाला स्थलांतर करणाऱ्या मंडळीची अशी यादी करणं म्हणजे काय, हे जनगणनेच्या कामावर गेलेल्या शिक्षकाला विचारावं. की फक्त प्रतिनिधी हेच सभासद? मग त्यांना आपल्या मंडळीने ‘संस्था बंद करा’ असा अधिकार देऊन पाठवलं होतं का, की नेहमीसारखं वार्षिक सभेला?

प्रतिनिधींनी चालणाऱ्या कुठल्याही स्वयंशासनात हा सांधा नाजूक असतो. रोजचा कारभार प्रतिनिधी करू शकतात याबद्दल कोणाचं दुमत नसतं. पण आपल्याला निवडून देणारी संस्थाच मोडून टाकण्याचा अधिकार त्यांना असतो का? ब्रेदरन परंपरेने या प्रश्नाचं उत्तर कधी लिहून ठेवलं नव्हतं, कारण तिला लिहून ठेवायचीच सवय नव्हती. जे लिहिलेलं होतं ते संस्था नोंदणी अधिनियमात होतं. वाद पेटल्यावर न्यायाधीशाच्या हाती तेवढंच लागलं.

श्रद्धा एका पोटकलमात, मालमत्ता दुसऱ्यात

यावर एक स्वाभाविक आक्षेप येतो. धर्मसंप्रदायाला आपला कारभार स्वतः करायचं स्वातंत्र्य संविधानाने दिलेलं नाही का? दिलं आहे, अनुच्छेद २६ मध्ये. पण त्या अनुच्छेदाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. खंड (ख) धर्माच्या बाबतीत स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क देतो. खंड (घ) मालमत्तेचा कारभार पाहण्याचा हक्क देतो, पण ‘कायद्यानुसार’. पहिल्या हक्कावर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य एवढीच मर्यादा. दुसऱ्यावर विधिमंडळाने केलेला अख्खा न्यास-कायदा.

म्हणून सीएनआयमध्ये जाण्यापासून कोणालाही कोणी अडवलं नाही. उपासना, दीक्षा, बिशप, सिनड यांतल्या कशालाही न्यायालयाने हात लावला नाही. फक्त जमिनीचा तुकडा त्या निर्णयामागून चालत गेला नाही.

इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला, तोही काही वेळा हात पोळल्यावर. स्कॉटलंडमध्ये १९०० साली फ्री चर्चच्या प्रचंड बहुमताने युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी ऐक्य केलं. मूठभर लोक बाहेर राहिले आणि कोर्टात गेले. १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की बहुमताने मूळ तत्त्वं सोडली, म्हणून सगळी मालमत्ता त्या मूठभरांची. देशभरातली चर्चं, महाविद्यालयं, निधी सांभाळायला त्यांच्याकडे माणसंही नव्हती. शेवटी १९०५ साली संसदेला खास कायदा करून वाटणी करावी लागली. कॅनडाने यातून धडा घेतला असावा. १९२५ साली तिथे मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुतांश प्रेस्बिटेरियन एक झाले ते संसदेचा कायदा आधी करून, आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्यांना एकेकटीने मतदान करून बाहेर राहायची मुभा देऊन. बऱ्याच राहिल्याही. ऑस्ट्रेलियातलं १९७७ चं ऐक्यही कायद्याच्या आधारानेच झालं.

भारतातल्या अँग्लिकनांनाही इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं व्हायला ब्रिटिश संसदेचा १९२७ चा इंडियन चर्च ॲक्ट लागला होता. १९७० साली तसा कुठलाही कायदा झाला नाही. धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाच्या संसदेकडे ‘आमचं ऐक्य मंजूर करा’ म्हणून जाणं कोणाला रुचलं नसतं, आणि ते बरोबरही नव्हतं. पण मग उरलेला मार्ग होता सामान्य कायद्याचा, प्रत्येक संस्थेने आपापल्या गावी, आपापल्या धर्मादाय कार्यालयात चालायचा. एकेचाळीस वर्षांच्या वाटाघाटीत दीक्षेच्या विधीवर जितका विचार झाला, त्याचा दहावा हिस्सा जरी गुजरातच्या या एका संस्थेच्या नियमावलीवर झाला असता, तर हा खटला उभा राहिला नसता.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या सीएनआय मंडळ्यांनाही हा निकाल परका नाही. इथेही ऐक्यात आलेल्या परंपरा निरनिराळ्या: मुंबई-पुण्यात अँग्लिकन, अहमदनगरकडे (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळ्या, कोल्हापूरकडे प्रेस्बिटेरियन. प्रत्येक मिशनची मालमत्ता वेगळ्या नावाने, वेगळ्या न्यासात किंवा कंपनीत. अँग्लिकनांची मुंबईतली मालमत्ता बॉम्बे डायोसिसन ट्रस्ट असोसिएशनच्या नावाने चालत आली. हे नाव ऐक्यापूर्वीचं, आणि ते बदललं नाही यात बावळटपणा नव्हता. जुनी नोंदलेली संस्था तशीच ठेवून तिच्या विश्वस्तपदी नव्या मंडळीने निवडलेली माणसं नेमायची, हा सगळ्यात कमी धोक्याचा रस्ता आहे. संस्था मरतच नाही, त्यामुळे ती कशी मेली हे सिद्ध करायची वेळ येत नाही. दर खेपेला फक्त विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज.

अर्थात यात दुसरी गोम आहे. मंडळी एक, पण तिच्या मागे पाच न्यास असले की डायोसिसन कौन्सिलमध्ये ठरलेली गोष्ट न्यासाच्या बैठकीत अडते, आणि न्यासात बसलेली माणसं कौन्सिलला जुमानत नाहीत. सभासदाला वाटतं की आपण कौन्सिल निवडलं म्हणजे कारभार आपल्या हाती आला, आणि जमीन विकली गेल्यावर त्याला कळतं की सही दुसऱ्याच कोणाची लागत होती. गुजरातचा निकाल वाचून ‘आपलं बरं आहे, आपण जुनी नावं ठेवली’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्या न्यासाच्या घटनेत विश्वस्त कोण नेमतो हे कलम एकदा काढून वाचावं. बिशप पदसिद्ध आहे का? कौन्सिलने सुचवलेलं नाव नाकारायचा अधिकार न्यासाला आहे का? मुदत संपलेला विश्वस्त नवा येईपर्यंत बसून राहू शकतो का?

ब्रेदरनांच्या बाबतीत अमेरिकेतल्या मूळ मंडळीची बरीच कोंडी झाली. एल्जिनने १९७० चं ऐक्य मनापासून स्वीकारलं होतं आणि त्यानंतर सीएनआयलाच आपला भारतातला सहकारी मानलं. जुन्या नावाने उभ्या राहिलेल्या गटाशी कसं वागायचं, हे तिथल्या वार्षिक अधिवेशनापुढे पुन्हा पुन्हा येत राहिलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातच्या ब्रेदरनांनाही मान्यता दिली आणि सीएनआयशी असलेलं नातंही चालू ठेवलं. त्या मंडळीला हे करणं शक्य होतं, कारण तिला फक्त कोणाशी बंधुभाव ठेवायचा ते ठरवायचं होतं. वलसाडच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव, हे तिच्या अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हतं.